चूक चालकाची की रचनेची?

राल्फ नेडर यांच्या ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ (१९६५) या पुस्तकाचे पहिले प्रकरण शेवरोले कोर्वेअर या छोट्या गाडीवर आहे. १९६० ते १९६३ च्या कोर्वेअरमध्ये इंजिन मागे होते आणि मागच्या चाकांचे अर्धे आस फक्त आतल्या टोकाशी सांध्यावर हलत. जोरात वळताना रस्त्याच्या आडव्या रेट्याने गाडीची मागची बाजू उचलली जाई, बाहेरचे चाक आत दुमडे आणि पकड सुटे. दोन्ही चाकांना खालून जोडणारा लीफ स्प्रिंगचा आडवा पाटा हा त्यावरचा उपाय. तसे पाटे बाहेर सुटे विकत मिळत. १९६४ च्या गाडीत कंपनीनेच तो बसवला. तोवर पुढच्या टायरांत १५ आणि मागच्या टायरांत २६ पौंड दाब राखणे मालकावर सोपवलेले होते.

सुरक्षितता ग्राहकाने वेगळी का विकत घ्यावी? नेडर यांच्या प्रतिपादनातून उभा राहणारा हा प्रश्न बिनतोड आहे. मात्र त्यांची मांडणी वकिली आहे. इतर गाड्यांपेक्षा कोर्वेअर किती वाईट, हे ते मोजून दाखवत नाहीत. ती मोजणी अमेरिकी सरकारी चाचण्यांनी केली. १९७२ च्या अहवालानुसार ही गाडी समकालीन गाड्यांहून अधिक बेभरवशाची नव्हती.

मग नेडर चुकले का? ‘इतरांइतकीच’ म्हणजे ‘पुरेशी सुरक्षित’ नव्हे. पुरावा आणि निष्कर्ष यांतले हे अंतर वर्गात दाखवण्यासाठी हे प्रकरण जरूर वाचावे. अहवालाचा निष्कर्ष शेजारी ठेवूनच.