१६४ प्रश्नांचा पेपर

यंत्राला प्रोग्रॅम लिहिता येतो का, हे तपासण्यासाठी ओपनएआयच्या संशोधकांनी २०२१ साली ‘ह्यूमनइव्हॅल’ नावाची प्रश्नपत्रिका काढली. तीत पायथॉन भाषेतले १६४ प्रश्न आहेत. उत्तर नुसते वाचायचे नाही, चालवून पाहायचे, ही तिची जमेची बाजू. सुंदर अक्षराला गुण नाहीत!

पण निकाल नीट वाचू या. ‘कोडेक्स’ने एका प्रयत्नात २८.८ टक्के प्रश्न सोडवले. प्रत्येक प्रश्नाला शंभर उत्तरे लिहू दिली आणि त्यांतले एक बरोबर आले तरी पुरे मानले, तेव्हा प्रमाण ७० टक्क्यांवर गेले. विद्यार्थी तोच, पेपर तोच. मग हुशारी किती म्हणायची?

दुसरी उणीव तपासणीतली. दर प्रश्नामागे सरासरी आठसुद्धा चाचण्या नव्हत्या. २०२३ साली दुसऱ्या संशोधकांनी त्या ८० पट वाढवल्या, तेव्हा ‘बरोबर’ ठरलेली अनेक उत्तरे चुकीची निघाली. काही यंत्रांचे क्रमांकही बदलले. शिवाय हा पेपर सर्वांना खुला आहे. यंत्राने सरावातच तो पाहिलेला असू शकतो.

म्हणून तुलनेचा तक्ता दिसला की विचारावे: प्रयत्न किती, चाचण्या किती, पेपर आधी पाहिला होता का? आपल्या वर्गातल्या टक्केवारीलाही हे प्रश्न विचारून पाहायला हरकत नाही.