'बिनधास्त' : एका बोलीशब्दाचे अर्थ आणि जबाबदारीचा प्रश्न

प्रास्ताविक

'बिनधास्त' हा शब्द मुंबईच्या बोलीत इतका रुळला आहे की त्याचा अर्थ विचारण्याची गरज कोणास भासत नाही. तथापि निर्भय, निश्चिंत, बेपर्वा आणि निलाजरा असे किमान चार अर्थ या एका शब्दात नांदतात. चौपाटी, चित्रपट व्यवसायातील मंडळींची वस्ती, पृथ्वी थिएटर आणि श्रीमती ना. दा. ठाकरसी महिला विद्यापीठाचे संकुल असलेल्या जुहू परिसरात हे चारही अर्थ एकाच संध्याकाळी कानी पडू शकतात. कोणता अर्थ कोणाच्या वाट्याला येतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

शब्दाची घडण

बिनचूक, बिनतक्रार, बिनविरोध या शब्दांतील अभावदर्शक 'बिन' हा उपसर्ग येथेही आहे. 'धास्त' म्हणजे मनात बसलेली भीती. याच घडणीचा 'बिनधोक' हा शब्द शेजारी ठेवला असता भेद स्पष्ट होतो. धोका परिस्थितीत असतो, धास्ती मनात असते. म्हणून रस्ता बिनधोक असतो आणि वाटसरू बिनधास्त.

मुंबईच्या हिंदीत या शब्दाचे 'बिंदास' झाले. 'ध'चा 'द' झाला, अखेरचा 'त' गळाला आणि शब्दातील भीतीची खूणही पुसली गेली. उरला तो मोकळेपणाचा आणि ऐटीचा अर्थ. २००७ मध्ये यूटीव्हीने तरुणांसाठी सुरू केलेल्या वाहिनीला 'बिंदास' हे नाव शोभले ते त्यामुळेच.

क्रियाविशेषण आणि विशेषण

चौपाटीवरील भेळवाला 'बिनधास्त खा' म्हणतो, तेव्हा तो आपल्या मालाची हमी देत असतो. क्रियाविशेषण म्हणून शब्द येतो तेव्हा जबाबदारी बोलणाऱ्याकडे राहते. 'ती बिनधास्त आहे' या वाक्यात मात्र तो विशेषण होतो आणि जबाबदारी जिच्याविषयी बोलले जाते तिच्यावर जाऊन पडते. मुलाच्या बाबतीत हे विशेषण बहुधा कौतुक असते. मुलीच्या बाबतीत त्या कौतुकाला संशयाची किनार असते. रात्री किनाऱ्यावर बसलेल्या मुलीबाबत काही विपरीत घडले, तर तेच विशेषण आरोप म्हणून वापरले जाते.

चंद्रकांत कुलकर्णी दिग्दर्शित 'बिनधास्त' (१९९९) या चित्रपटाने हा शब्द दोन मैत्रिणींच्या नावे केला. त्यातील बहुतेक सर्व भूमिका स्त्रियांच्या आहेत, हे त्याचे वेगळेपण. परंतु हा रहस्यपट आहे. मुलींचा मोकळेपणा आणि गुन्ह्याचा संशय त्यात एकत्र येतात. शब्दाचे दुहेरी रूप शीर्षकापासूनच चित्रपटात उतरले आहे, ते असे.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांच्या 'व्हाय लॉयटर?' (२०११) या मुंबईविषयक ग्रंथाने स्त्रियांच्या विनाकारण रेंगाळण्याच्या आणि जोखीम पत्करण्याच्या हक्काची मांडणी केली. त्या प्रकाशात पाहता केवळ 'बिनधोक' शहराची मागणीही अपुरी ठरते. कारण शहर बिनधोक होईपर्यंत घरीच थांबा, असा तिचा सोयीस्कर अर्थ काढला जातो.

निष्कर्ष

'बिनधास्त'चे अनेक अर्थ ही केवळ बोलीची समृद्धी नव्हे. वाक्यातील त्याचे स्थान बदलते तशी जबाबदारी हात बदलते. स्त्रीला 'बिनधास्त' हे विशेषण बहाल करणे सोपे आहे. 'बिनधास्त बस' असे शहराने तिला हमीने म्हणणे, ही खरी कसोटी होय.