अपस्मारग्रस्त पालक आणि मूल : 'द ब्रदर्स करमाझोव'मधील एका स्मृतीचे वाचन

फ्योदोर दोस्तोव्हस्की यांच्या साहित्यातील अपस्माराचा विचार समीक्षेने प्रामुख्याने दोन अंगांनी केला आहे. 'द इडियट'मधील (१८६८-६९) प्रिन्स मिश्किनला झटक्यापूर्वी लाभणारा दिव्य क्षण हे एक अंग. तर लेखकाच्या आजाराचे मूळ पितृहत्येच्या सुप्त इच्छेत शोधणारा, सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२८ साली मांडलेला सिद्धांत हे दुसरे. दोन्हींत रुग्ण हा एकाकी साधक असतो किंवा कुणाचा तरी पुत्र असतो. तो कुणाचा पिता, किंवा ती कुणाची माता असू शकते, याचा विचार फारसा होत नाही. प्रस्तुत लेखात हा दुर्लक्षित प्रश्न 'द ब्रदर्स करमाझोव' (१८७९-८०) या कादंबरीच्या आधारे तपासावयाचा आहे.

दोस्तोव्हस्की यांच्यापुरता हा प्रश्न काल्पनिक नव्हता. पहिल्या विवाहानंतर, १८५७ मध्ये, डॉक्टरांनी अपस्माराचे निदान केले. हे आधी निश्चित कळले असते तर आपण लग्नच केले नसते, असे त्यांनी भावाला कळविले. पुढे दुसऱ्या विवाहापासून झालेला त्यांचा मुलगा अल्योशा मे १८७८ मध्ये, वयाची तीन वर्षेही पूर्ण होण्याआधी, अपस्माराच्या दीर्घ झटक्याने दगावला. आपलाच आजार मुलाकडे गेला या जाणिवेने ते खचून गेले, अशी नोंद पत्नी आन्ना यांच्या आठवणींत आहे. फ्रॉइड यांची दृष्टी पुत्राकडून पित्याकडे जाते. पित्याकडून पुत्राकडे येणारी ही वेदना त्यांच्या विवेचनाबाहेर राहते.

त्याच वर्षी लिहावयास घेतलेल्या कादंबरीच्या नायकाला त्यांनी अल्योशा हेच नाव दिले. या नायकाची आई सोफिया 'क्लिकुशा' आहे. ही रूढार्थाने अपस्मारग्रस्त स्त्री नव्हे. किंचाळत झटके येणाऱ्या रशियन स्त्रियांना ही संज्ञा होती आणि आपल्याकडील 'अंगात येणे' या कल्पनेशी तिचे साम्य जाणवते. कादंबरीचा निवेदक मात्र या झटक्यांमागे दैवी कोप पाहत नाही. अवघड बाळंतपणानंतर लगेच करावे लागणारे कष्ट आणि मारहाण ही कारणे तो सांगतो.

आई वारली तेव्हा अल्योशाला चौथे वर्ष लागलेले होते. तरीही एक दृश्य त्याच्या मनात आयुष्यभर राहते. मावळतीची तिरपी किरणे, देवप्रतिमेपुढे हुंदके देत किंचाळणारी आई, तिने दुखेल इतके घट्ट कवटाळलेले मूल. आणि एवढ्यात धावत येऊन मुलाला तिच्या हातून हिसकावून घेणारी घाबरलेली दाई. अभ्यासक या प्रसंगात बहुधा अल्योशाच्या श्रद्धेचा उगम पाहतात. ते चूक नाही. परंतु दाईच्या कृतीकडे पाहणे अधिक आवश्यक वाटते. मुलाला खरोखर दुखत आहे, म्हणजे दाईची भीती निराधार नाही. तरीही अल्योशाला आठवतो तो आईचा चेहरा, उन्मत्त पण सुंदर. सुरक्षितता आणि माया यांपैकी एकच निवडा, असा आग्रह ही स्मृती धरू देत नाही.

आजच्या वैद्यकाने या पेचावर साधे उपाय सुचविले आहेत. झटके येणाऱ्या आईने बाळाचे कपडे जमिनीवर बसून बदलावेत, घरात दुसरे कोणी नसताना त्याला अंघोळ घालू नये, थोड्या मोठ्या मुलाला मदतीस कोणाला हाक मारावी हे शिकवून ठेवावे. यांत मूल हिरावून घेणे कोठेही नाही. दाईने शेजारी बसावे, इतकेच आहे. शिवाय अपस्मार असलेल्या पालकांच्या बहुसंख्य मुलांना हा आजार होत नाही. आपल्या कायद्याची समज मात्र दीर्घकाळ दाईसारखीच होती. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने विवाहास अपात्र ठरविणाऱ्या कारणांत वारंवार येणाऱ्या अपस्माराच्या झटक्यांचा समावेश झाला. तो शब्द १९९९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आला.

या मुलांचे हाल कोणामुळे झाले, हे कादंबरीत स्पष्ट आहे. आईच्या मृत्यूनंतर बाप फ्योदोर त्यांना विसरून जातो; ती नोकराच्या झोपडीत, मळक्या सदऱ्यांत, न्हाऊ न घातलेली आढळतात. तिच्या झटक्यांनी जे केले नाही ते बापाच्या बेपर्वाईने केले. वंशपरंपरेच्या चर्चेत रंगणाऱ्या समीक्षेने हा तपशील जवळजवळ ओलांडूनच टाकला आहे.

पुढे तोच बाप दारूच्या नशेत, आपण सोफियाच्या देवप्रतिमेची विटंबना कशी केली, हे फुशारकीने सांगतो. ऐकता ऐकता अल्योशा थेट आईसारखाच थरथरत कोसळतो. अगदी त्याच्या आईसारखेच, असे फ्योदोर घाबरून बरळू लागतो. शेजारी बसलेल्या इव्हानला झटका आलेला नाही, त्यामुळे त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नाही. त्याची आई ती माझीही आई होती ना, असे तो संतापून विचारतो. फ्योदोर दचकतो, ते त्याच्या ध्यानातच राहिलेले नसते.