पडद्यावरील बाळपण

घरातील वडीलधाऱ्यांपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांनी एकत्र बसून पाहावेत, आणि पाहताना कोणासही संकोच अगर कंटाळा वाटू नये, असे चित्रपट मोजकेच असतात. हॉलिवूडने 1920 ते 1950 ह्या तीस वर्षांत अशा चित्रपटांची एक स्वतंत्र परंपराच निर्माण केली, आणि त्यांपैकी पुष्कळांचा नायक किंवा नायिका म्हणजे पाच-सात वर्षांचे मूल असे. हे चित्रपट आज पाहावयास घेतले, की त्यांच्या भाबडेपणाचे हसू येते, आणि त्याच वेळी डोळे पाणावल्यावाचून राहात नाहीत. ही मोहिनी कशात आहे? मूल गोजिरवाणे असते म्हणून, हे उत्तर सोपे आहे. परंतु ते पुरेसे नाही. गोजिरवाणी मुले पडद्यावर शेकड्यांनी आली आणि विस्मृतीत गेली. माझ्या मते, ज्या चित्रपटातील मूल मोठ्यांपाशी काही मागते, तो टिकतो. ज्यातील मूल मोठ्यांचे केवळ समाधान करिते, तो लवकर शिळा होतो. हा भेद ध्यानात घेतला म्हणजे ह्या परंपरेचे मर्म उलगडते, आणि तिच्या पोटी दडलेले शल्यही दिसू लागते.

आरंभ चार्ली चॅप्लिनच्या ‘द किड’ ह्या 1921 मधील मूकपटापासून करणे योग्य होईल. टाकून दिलेले एक अर्भक एका भणंगाच्या हाती लागते आणि तो ते वाढवितो. पाच वर्षांनंतर ते पोर दगड मारून लोकांच्या खिडक्यांची तावदाने फोडीत पुढे जाते, आणि मागाहून पाठीवर काचा घेतलेला चॅप्लिन ती बसवून देण्यास साळसूदपणे हजर होतो! पण ह्या लबाडीपेक्षाही त्या दोघांचा संसार अधिक गोड आहे. सकाळी पोर धिरडी भाजते आणि बाप अंथरुणातून उठावयाचा कंटाळा करितो; कोण कोणाचा पालक, हे सांगणे कठीण. पुढे अनाथालयाचे लोक त्या मुलास मालमोटारीत घालून नेऊ लागतात, तेव्हा हात पसरून त्याने फोडलेला टाहो मूकपटातही कानी पडल्यासारखा वाटतो. चॅप्लिन छपरांवरून धावत जाऊन त्यास सोडवितो. स्वतः चॅप्लिन 1896 साली, वयाच्या सातव्या वर्षी, लंडनमधील एका अनाथगृहाचा उंबरठा ओलांडून आत गेला होता. आणि ह्या चित्रपटाच्या उभारणीच्या थोडेच आधी, 1919 च्या जुलैत, त्याचे पहिले अपत्य तीन दिवसांचे होऊन वारले होते. हे ठाऊक नसले तरी त्या धावण्यातील कळकळ प्रेक्षकास जाणवतेच. जॅकी कूगनचे डोळे तेथे एकच गोष्ट मागतात: मला टाकू नकोस. ती मागणी पुरी करण्यासाठी मोठ्या माणसास जिवाचे रान करावे लागते. चित्रपटाचे सामर्थ्य ह्या धावपळीत आहे.

1930 नंतर आर्थिक मंदीने गांजलेल्या अमेरिकेत शर्ली टेंपलचा उदय झाला. 1935 ते 1938 अशी सलग चार वर्षे तिकीटविक्रीच्या दृष्टीने तीच पहिल्या क्रमांकाची तारका होती. तिच्या कथांचा साचा ठरलेला: आई किंवा बाप नसलेली एक चिमुरडी, एखादा तिरसट आजोबा, आणि अखेरीस तिच्या हास्याने विरघळलेले त्याचे अंतःकरण. तिच्या अंगची कला खोटी नव्हती. ‘द लिटल कर्नल’ (1935) मध्ये बिल रॉबिन्सन ह्या थोर कृष्णवर्णी नर्तकाचा हात धरून ती जिन्यावर जे नृत्य करिते, त्यातील पावलांचा ठेका आजही मन प्रसन्न करितो. आणि गोऱ्या मुलीने काळ्या पुरुषाचा हात धरून नाचणे ही त्या काळच्या अमेरिकेत साधी गोष्ट नव्हती. तथापि पुष्कळ ठिकाणी ती मूल न राहता मोठ्यांच्या दुखण्यावरील औषध होते. ‘वी विली विंकी’ (1937) पाहताना भारतीय प्रेक्षकास हे विशेष खटकेल. किप्लिंगच्या कथेतील मुलाची येथे मुलगी झाली, आणि वायव्य सरहद्दीवरील टोळ्या व इंग्रज फौज ह्यांचे वैर तिच्या एका निरागस रदबदलीने मिटून गेले. टोळीवाल्यांचे म्हणणे काय होते, ह्याची विचारपूस करण्याचे कारणच उरले नाही. दुसऱ्याच्या भूमीवर चाललेल्या राज्याचा प्रश्न कुरळ्या केसांनी सोडवावा, ही कल्पना गोड असली तरी प्रामाणिक नव्हे. मात्र ह्याच चित्रपटात, जखमी सार्जंटच्या उशाशी बसून ती गाते आणि तो झोपी गेला असे समजून हळूच निघून जाते, तो प्रसंग दिग्दर्शक जॉन फोर्डने फार संयमाने उभा केला आहे. तेथे तिच्या गोडव्याने काहीच सुटत नाही. म्हणूनच तो प्रसंग मनात घर करितो.

ह्याहून निराळे मूल 1944 च्या ‘मीट मी इन सेंट लुइस’ मध्ये भेटते. सात वर्षांची मार्गारेट ओब्रायन हिने रंगविलेली टूटी गोड आहेच, पण ती बाहुल्यांची प्रेतयात्रा काढणारी, भुताखेतांच्या सोंगांच्या रात्री एकटीच जाऊन धास्तीच्या शेजाऱ्याच्या तोंडावर पीठ फेकणारी मुलगी आहे. वडिलांच्या नोकरीसाठी सारे घर न्यूयॉर्कला हलणार, असे ठरते. नाताळच्या आदल्या रात्री थोरली बहीण गाणे म्हणून तिची समजूत घालू पाहते. पण टूटी रडत अंगणात धावते आणि आपणच केलेली बर्फाची माणसे फोडून टाकते. आपल्याला नेता येत नाहीत, तर ती दुसऱ्या कोणासही मिळू नयेत! खिडकीतून हे पाहणाऱ्या बापाची चिरूट पेटविण्यास ओढलेली काडी हातातच जळत राहते, आणि तो जाण्याचा बेत रद्द करितो. येथे मुलाने मोठ्यांस हसविले नाही, रिझविले नाही. त्यांस आपला निर्णय फिरविण्यास लाविले. मुलाचा राग हे मुलाचे मत आहे, हे मान्य करणारा इतका रम्य चित्रपट विरळा.

परंतु समजूत घालणारी ती थोरली बहीण, जूडी गार्लंड, तेराव्या वर्षीच ह्या स्टुडिओच्या करारात बांधली गेली होती, हे आठवले की मन बेचैन होते. पडद्यावर मुलांस न्याय देणाऱ्या ह्या नगरीने त्यांच्या वाट्यास काय दिले? जॅकी कूगनने लहानपणी 30 ते 40 लाख डॉलर मिळविले असा अंदाज आहे. वयात आल्यावर पैसा उडालेला पाहून त्याने 1938 मध्ये आई व सावत्र बापावर फिर्याद केली; हाती आले सुमारे सव्वा लाख. त्या प्रकरणातून 1939 मध्ये कॅलिफोर्नियात बालनटांच्या मिळकतीचा कायदा झाला. पण त्यास पळवाटा होत्या, आणि प्रत्येक करारातील पंधरा टक्के रक्कम मुलाच्या नावे ठेवण्याची सक्ती 2000 सालापासून आली. शर्ली टेंपलने 1988 च्या आत्मचरित्रात लिहिले आहे, की 32 लाखांहून अधिक कमाईपैकी तिच्यासाठी 44,000 डॉलर उरले होते. आणि अगदी आरंभीच्या लघुपटांच्या वेळी हट्ट करणाऱ्या मुलांस बंद खोक्यात बर्फाच्या लादीवर बसवीत असत.

मग हे चित्रपट मुलांस दाखवावेत की नाही? माझे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. त्या मुलांच्या श्रमाचे जे उत्तम फळ आहे, ते नाकारून त्यांचे ऋण फिटणार नाही. मात्र एक गोष्ट चॅप्लिनने आपल्या 1964 च्या आत्मचरित्रात नमूद केली आहे. ‘द किड’ मधील त्या प्रसंगी जॅकीस रडू येईना, तेव्हा त्याच्या बापाने, रडला नाहीस तर खरोखरीच अनाथगृहात धाडीन, असा धाक घातला. मूल हुंदके देऊ लागले. चित्रण आटोपल्यावर चॅप्लिनने त्यास उचलून जवळ घेतले, तेव्हा जॅकी त्याच्या कानाशी कुजबुजला, की बाबा थट्टा करीत होते हे मला ठाऊक होते. आपले मूल पडद्याकडे पाहात, तो मुलगा खरेच रडतो आहे का, असे विचारील, तेव्हा त्यास ही हकीकत सारीच्या सारी सांगावी. त्याने विचारलेच आहे, तर खरे उत्तर देणे आपल्याकडे लागते.