आश्रितांचा नाताळ

दारिद्र्यात गेलेल्या बालपणाच्या आठवणी जो लिहावयास बसतो, त्याच्यापुढे एक मोह हटकून उभा राहतो. आता आपले बरे चालले आहे, तेव्हा मागचे दिवसही गोडच होते असे त्यास वाटू लागते. आणि नाताळच्या सकाळी मोज्यात सापडलेले एकुलते संत्रे त्या गोडीची साक्ष म्हणून वाचकापुढे ठेवले जाते. इंग्रजी मासिकांतून असल्या लेखांना दर डिसेंबरात भरती येते. त्यांतील बहुतेक जानेवारीत विसरले जातात, आणि ते योग्यच होय. ट्रूमन कपोटी या अमेरिकन लेखकाची ‘अ ख्रिसमस मेमरी’ ही आठवणवजा कथा मात्र १९५६ च्या डिसेंबरात ‘मादमोझेल’ मासिकात आली ती आजतागायत वाचली जात आहे. ती केवळ गोड आहे म्हणून टिकली, असे म्हणणारांशी आमचा मतभेद आहे.

कथेतील गाव अलाबामा संस्थानातले, काळ मंदीचा. सात वर्षांचा मुलगा आणि त्याची साठी उलटलेली, मनाने अद्याप मूलच राहिलेली दूरची चुलतबहीण, हे दोघे नाताळसाठी तीसएक फळांचे केक भाजतात व ते ओळखीअनोळखीच्या माणसांना, अध्यक्ष रूझवेल्ट यांनासुद्धा, पाठवून देतात. कपोटी बालपणी मनरोव्हिल येथे आईच्या नातलगांकडे वाढले. तेथील सूक फॉक ही वृद्धा या पात्राचे मूळ होय.

आता वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे घर दरिद्री नाही. घरात कर्ती माणसे आहेत, त्यांच्याजवळ पैसा आहे, आणि त्यांचा धाकही आहे. दरिद्री आहेत ती ही दोन माणसे. आमच्याकडील जुन्या एकत्र कुटुंबांतून वाढलेल्यांना हे चित्र परके वाटू नये. माजघरात राबणारी विधवा आत्या आणि मामाच्या घरी शिकावयास राहिलेला पोरका भाचा यांना जेवणाची वाण नसे. पण स्वतःच्या हाताने कोणास काही द्यावे म्हटले, तर गाठीस एक पैसा नसे. कपोटींनी नेमकी ही आश्रितांची गरिबी पकडली आहे, आणि तिच्या वर्णनात ते हिशेब सोडीत नाहीत. नातलग कधीमधी हातावर टेकवतात ती चिल्लर. हातांनी खुडलेली रानफळे व घरी केलेले मुरंबे विकून आलेले पैसे. उन्हाळ्यात घरच्यांसाठी माशा मारल्या, त्याचे पंचवीस माशांमागे एक सेंट. हा सारा ठेवा एका जुन्या मण्यांच्या बटव्यात, पलंगाखालच्या सुट्या फळीच्या आड लपविलेला असतो. मोजणी होते तेव्हा तिच्या हिशेबाने बारा डॉलर त्र्याहत्तर सेंट भरतात, मुलाच्या हिशेबाने पुरते तेरा. तेराचा आकडा अशुभ, म्हणून एक सेंट खिडकीबाहेर भिरकावला जातो! ज्यांना एकेक सेंट वेचावा लागतो त्यांच्या हातून हे घडावे, यात त्या बाईचा सारा स्वभाव आला. टीकाकाराने यावर अधिक बोलू नये.

केकमध्ये घालावयाची व्हिस्की चोरून विकणारा दांडगा माणूस त्यांची नाणी परत बटव्यात ओततो आणि मोबदल्यात एक केक मागतो. गिरणीवाल्याची श्रीमंत बायको त्यांनी तोडून आणलेल्या झाडास पैसे देऊ करते, तेव्हा एरवी कोणास नाही म्हणण्यास भिणारी ही म्हातारी तत्काळ नकार देते. स्वतःस हवे ते न मिळणे तिला सोसते. दुसऱ्यास द्यावेसे वाटते ते देता येत नाही याचाच तिला संताप येतो. मुलाला सायकल देण्याची तिची इच्छा आहे, आणि ती पुरी होणे नाही. म्हणून दरवर्षीप्रमाणे दोघेही एकमेकांपासून लपून पतंगच करतात. कुत्रीला हाड आणण्यासाठी मात्र पाच सेंट कसेबसे उभे राहतात. घरची मोठी माणसे मुलास काय देतात? मोजे, रुमाल, कोणाचा तरी उतरलेला स्वेटर, आणि मुलांच्या एका धार्मिक मासिकाची वर्षाची वर्गणी. देणाऱ्याच्या सोयीची भेट कोणती आणि घेणाऱ्याला ओळखून दिलेली कोणती, हे लेखकास समजावून सांगावे लागत नाही.

याच जातीचा दुसरा प्रसिद्ध प्रसंग लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ (१९३५) या पुस्तकात आहे. पुराने फुगलेला ओढा ओलांडून शेजारी येतो, आणि दोघी बहिणींना प्रत्येकी पत्र्याचा पेला, पेपरमिंटची कांडी, लहानसा केक व कोरा सेंट मिळतो. प्रसंग सुरेख आहे. तेथे आईबापही मुलींइतकेच निर्धन, म्हणून कोणापुढे मिंधेपण नाही. त्या आनंदास डंख नाही तो यामुळेच. मात्र हे घर ज्या भूमीवर उभे होते, ती ओसेज लोकांसाठी राखलेली होती. पुस्तकात ते लोक येतात, पण त्यांचे गमावणे त्या कोऱ्या सेंटाच्या आड गेले आहे. शिवाय लेखिकेचा जन्म १८६७ चा आणि कॅन्ससमधला मुक्काम १८७१ पर्यंतचा. तेव्हा ही आठवण बरीचशी घरच्यांनी सांगून दिलेली असणार.

कपोटींच्या कथेत आम्हांस दोष दिसतो तो शेवटी. मुलगा लष्करी शाळेत धाडला जातो, म्हातारी एकटी पडते, वारते. हे थोडक्यात व उत्तम सांगून झाल्यावर लेखकाने आकाशात हरवलेल्या पतंगांची उपमा ओढून आणली आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत, त्यांना विपन्नता हसत सांगून तेथेच थांबणाऱ्या लेखणीची सवय आहे. त्यांना हा कढ जास्त वाटेल.

परंतु त्याच्या अलीकडेच एक जागा अशी आहे की तिच्यासाठी आम्ही हा दोष पोटात घालू. म्हातारीला त्या सकाळी संत्र्यांची पिशवी मिळते, बहिणीने विणलेली पांढरी लोकरीची शाल मिळते, आणि मुलाने केलेला पतंग. अभिमान तिला शालीचा आहे. सर्वांत आवडला तो पतंग, असे ती म्हणते. ‘म्हणते’ या शब्दावर लेखकाने मुद्दाम जोर दिला आहे. सात वर्षांच्या मुलास तिचे हे म्हणणे कळले होते, आणि कळूनही तो पतंग घेऊन तिच्याबरोबर कुरणाकडे धावला.