सोलापूरच्या घराची वाट : 'डॉ. कोटनीस की अमर कहानी'

१९४२ साल नंदुरबारकरांना वेगळे सांगावे लागत नाही. ९ सप्टेंबरला शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा मुलगा तिरंगा हाती धरून मिरवणुकीत निघाला आणि पोलिसांच्या गोळीबारात सवंगड्यांसह हुतात्मा झाला. त्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी, ९ डिसेंबरला, उत्तर चीनमध्ये सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी प्राण सोडला. त्यांचे वय होते ३२. शिरीषकुमारच्या श्रद्धेची परीक्षा आपल्याच गावात, काही क्षणांत झाली. कोटणीसांची परीक्षा परक्या मुलखातल्या युद्धात चार वर्षे चालली. इतकी लांबलेली परीक्षा पडद्यावर दाखवायची कशी? व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' पाहताना हा प्रश्न मनात ठेवला, तर चित्रपटाची खरी ताकद कुठे आहे ते कळते.

चित्रपटामागची हकिकत खरी आहे. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले. सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली आणि सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना, सप्टेंबर १९३८ मध्ये, पाच डॉक्टरांचे पथक निघाले : अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. अटल स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आले होते. कोटणीस नुकतेच मुंबईत डॉक्टर झालेले, अठ्ठावीस वर्षांच्या आतले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकावर पुस्तक लिहिले, त्यावरून हा चित्रपट झाला. नायक स्वतः शांताराम, चिनी पत्नी चिंग लानच्या भूमिकेत जयश्री, आणि संगीत वसंत देसाईंचे.

सुरुवातीच्या सोलापूरच्या प्रसंगांवर थोडे थांबायला हवे. मुलगा डॉक्टर होऊन घरी येतो. वडिलांनी त्याच्यासाठी दवाखाना सजवून ठेवला आहे. त्या कौतुकाच्या भरातच मुलाला सांगायचे आहे की तो चीनला निघाला आहे. इथे कुणी दुष्ट नाही, कुणी अडवणारा नाही. बापाची माया खरी आहे आणि मुलाचा निश्चयही खरा आहे. तोफा ऐकू येण्याआधीच शांतारामांनी श्रद्धेची पहिली झुंज घराच्या चौकटीत लावली आहे. ध्येयासाठी शत्रूशी लढणे सोपे असते. आपल्यावर जीव लावणाऱ्या माणसाचा हिरमोड करणे फार अवघड. हे ज्याला दाखवता आले, त्या दिग्दर्शकाला माणूस कळला होता.

चीनमध्ये पोहोचल्यावर मात्र चित्रपट मोठ्या घटनांच्या मागे लागतो. नायक जपान्यांच्या हाती सापडतो, निसटतो. प्लेगच्या साथीवर उपाय शोधतो आणि त्याच रोगाने जातो. पडद्याला डोळ्यांना दिसणारे संकट लागते, हे मान्य. पण प्रत्यक्षातली कसोटी अधिक कठोर होती. चुंगकिंगमध्ये असताना कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली. परतायला याहून रास्त कारण कोणते? तरीही ते पुढे येनानला गेले आणि चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर आघाडीवर राहिले. एकदा सलग ७२ तास त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, असे सांगतात. १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची सूत्रे त्यांच्याकडे आली. अपस्माराचे झटके येऊ लागले तरी काम सुटले नाही, आणि त्याच आजाराने ते गेले. काँग्रेसच्या पथकातून गेलेला हा तरुण १९४२ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षात सामील झाला होता. त्याची श्रद्धा युद्धात नुसती टिकली नाही, ती बदलत गेली. चित्रपटाचा भर सेवेवर आहे, विचारांच्या या प्रवासावर नाही. ही त्याची मोठी उणीव मला वाटते.

ती उणीव शेवटचे प्रसंग बरीचशी भरून काढतात. मरणाच्या दारातला कोटणीस पत्नीला आपल्या घरी जायला सांगतो. सोलापूरचे स्टेशन, तिथून निघणारा रस्ता, दारातली माणसे, सगळे तिच्या डोळ्यांपुढे उभे करतो. पुढे ती तान्ह्या मुलाला घेऊन सोलापूरला येते आणि तिच्या प्रत्येक पावलाला त्याचा आवाज सोबत करतो. चार वर्षे ज्याने घराचे नाव काढायचे टाळले असेल, त्याला त्या घराचा कोपरा न् कोपरा पाठ होता, हे आपल्याला इथे उमगते. नायकाच्या त्यागाचे मोल भाषणातून सांगितले असते तर ते कानांवरून गेले असते. इथे ते वाटेच्या वर्णनातून येते आणि काळजाला भिडते. प्रत्यक्षात चित्रपट झाला तेव्हा कोटणीसांच्या पत्नी कुओ चिंग-लान चीनमध्येच होत्या. भारतात त्या पुढे कधीतरी आल्या. म्हणजे हा शेवट कल्पिलेला आहे. प्लेगही कल्पिलेलाच. पण प्लेगने नायक मोठा दिसतो, तर या शेवटाने तो खरा वाटतो. ज्याला घराची ओढच नाही, त्याच्या त्यागाला काय अर्थ? शांतारामांनी ही ओढ जपली, म्हणून ही कथा प्रचारपटाच्या पलीकडे गेली.

नंदुरबारच्या शाळांत ९ सप्टेंबरला शिरीषकुमारची आठवण जागवली जाते. ९ डिसेंबरला त्याच मुलांना हा चित्रपट दाखवावा, निदान सोलापूरचे पहिले आणि शेवटचे प्रसंग तरी. दाखवल्यावर कोटणीस खरोखर कसे जगले आणि कशाने गेले, तेही सांगावे. एका क्षणाचे धैर्य आपल्या मुलांना ठाऊक आहे. रोज उठून पुन्हा निभावावे लागणारे धैर्यही त्यांना ओळखता आले पाहिजे.