दोन रुपयांचे निर्माते

चित्रपट चालला की पडला, हे आपण गल्ल्यावरून ठरवतो. किती आठवडे टिकला, किती पैसा मिळवला, एवढे कळले की आपले समाधान होते. गरिबाघरची गोष्ट सांगणारा चित्रपट या मापाने बहुधा नापासच. मग एखाद्या परदेशी पारितोषिकाचे कौतुक करून आपण त्याची बोळवण करतो. या दोहोंहून वेगळे माप असू शकते, असे मला ‘मंथन’मुळे वाटू लागले.

असल्या चित्रपटाला पैसा कोठून मिळाला, ही कथा कधी कधी पडद्यावरच्या कथेहून करुण असते. सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’साठी विम्याची पॉलिसी आणि पत्नीचे दागिने गहाण टाकले, अखेर पश्चिम बंगालचे सरकार धावले, तेव्हा १९५५ साली चित्रपट लोकांसमोर आला. श्याम बेनेगलांच्या ‘अंकुर’ला (१९७४) जाहिरातपटांच्या धंद्यातली मंडळी भेटली. ‘मंथन’ची तऱ्हाच निराळी. वर्गीस कुरियन यांच्या कल्पनेवरून गुजरातच्या दूध सोसायट्यांच्या ५ लाख सभासदांनी दुधाच्या पैशांतून प्रत्येकी २ रुपये दिले. दहा लाख जमले. १९७६ साली पडद्यावर निर्माते म्हणून नाव झळकले, ते गुजरातच्या ५ लाख शेतकऱ्यांचे!

आता कोणीही विचारील, की मग ही दूधसंघाची जाहिरातच नव्हे काय? शंका रास्त आहे. त्यातले गाणे पुढे खरोखरच दुधाच्या जाहिरातीत वाजले. पण विजय तेंडुलकरांची पटकथा पाहावी. सोसायटी निघते, आणि तिच्याबरोबर गावातली जातही वर येते. सरपंचाला दलितांच्या रांगेत उभे राहणे सोसत नाही, झोपड्या पेटतात, बिंदूचा अंगठा कपटाने घेऊन डॉक्टर रावांवर किटाळ आणले जाते आणि त्यांची बदली होते. ज्यांनी पैसे दिले, त्यांच्याच गावाचे वर्म येथे उघडे केले आहे. भाड्याने घेतलेल्या लेखणीला हे साधले नसते. उणे म्हणाल तर शहरातून आलेले डॉक्टर जरा अतीच धुतल्या तांदळासारखे आहेत, आणि दूधवाला मिश्रा पहिल्या प्रवेशापासूनच खलपुरुष. पण स्मिता पाटीलची बिंदू दारात नुसती उभी राहते, तेव्हा हे सारे विसरायला होते.

आणि खप? आपला चित्रपट पाहायला शेतकरी ट्रक भरभरून शहरात आले. निर्माताच तिकीट काढून रांगेत उभा, असे दृश्य धंद्याने क्वचितच पाहिले असेल. ‘श्वास’ ऑस्करला पाठवण्यासाठी २००४ साली आपल्याकडेही लोकांनी वर्गणी दिली, तिचे मोल मी कमी करीत नाही. पण ती राष्ट्रीय पारितोषिकाची मोहोर उमटल्यानंतरची. गुजरातेत पैसे आधी पडले, चित्रपट कसा निघेल हे कोणालाच ठाऊक नसताना.

पुढे ‘मंथन’च्या लहान प्रती गावोगाव नेल्या गेल्या. सोबत गुरांचा डॉक्टर, दूध तपासणारा आणि चाऱ्याचा जाणकार असे. चित्रपट संपला की ही मंडळी लोकांशी बोलायला बसत. २०२४ साली नव्याने दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली, तेव्हा सर्वत्र बातम्या आल्या. त्या रात्रीच्या बैठकांनंतर कोणत्या गावात सोसायटी निघाली, ही बातमी मात्र कोणी छापली नसावी.